शिट्टीनं पटर मोडला तो दिवस

माझ्या नातीला राग आला की तिच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते. पाळण्यात होती तेव्हाही वाजायची आणि आता चांगली सव्वीस वर्षांची घोडी झाली तरी वाजते. म्हणून घरात तिचं नाव शिट्टी पडलं. तिच्या धंद्यातही तेच नाव चालतं, कारण एका स्पर्धेत मी भर मैदानात त्या नावानं हाक मारली आणि पोरींनी ते लगेच उचललं. तेव्हा ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. नाक मात्र बोलत होतं.

तिचा धंदा गोल्फ. हो, तोच, मोठ्या लोकांचा. हा खेळ आमच्या घरात कसा शिरला ते आधी सांगतो, कारण तोही भांडणातूनच शिरला.

आमच्या दोन खोल्या गोल्फच्या सराव मैदानाच्या जाळीमागे. जाळी उंच होती, पण मारणारे तिच्याहून उंच मारायचे. एके दिवशी सूनबाई दोरीवर कपडे वाळत घालत होती आणि वरून एक चेंडू सणसणत येऊन तिच्या बादलीच्या तळातून आरपार गेला. मी तडक उठलो. एका हातात पुरावा म्हणून बादली आणि दुसऱ्या हातात शिट्टी, तेव्हा ती दुसरीत होती. तिथला मॅनेजर म्हणाला, "काका, चेंडू परत आणून दिलात, फार आभार." बादलीचं नाव नाही! मी तोंड उघडायच्या आत शेजारी शिट्टी वाजायला लागली. पोरीनं तिथली एक काठी उचलली, तिच्याहून जरा लांबच होती ती, आणि समोरचा चेंडू असा हाणला की तो समोरच्या पाटीवर जाऊन ठाणकन बसला. तिथे शिकवणारे मास्तर चहा पीत होते. त्यांचा कप ओठापाशीच राहिला. म्हणाले, "ही रोज येऊ दे." मी म्हटलं, "ते बघू. आधी बादली." शेवटी त्यांनी बादली दिली. चेंडू भरायची, तळाला जाळी असलेली. तिच्यात पाणी राहतंय होय?

असो. तर शिट्टी त्या मास्तरांकडे शिकली आणि पुढे व्यावसायिक झाली. व्यावसायिक म्हटलं की लोकांना वाटतं टीव्हीवर दिसते ती हिरवळ, टाळ्या, भला मोठा चषक. ते वरच्या टूरचं, म्हणजे वर्षभर गावोगाव चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेचं. त्याखाली एक टूर असते आणि तिच्याखाली अजून एक. शिट्टी त्या सगळ्यांत खालच्या टूरवर. तिथे टाळ्या वाजवायला मी आणि कुणाची तरी आई. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं, स्वस्तातली खोली बघायची, त्या खोलीत पलंगावर काठ्यांची पिशवी ठेवायची आणि आपण खाली झोपायचं, कारण पिशवी चोरीला गेली तर सगळंच गेलं. हातमोजे बेसिनमध्ये धुवायचे आणि पंख्याला अडकवून वाळवायचे. एकदा तिनं पंखा लावला तर पाची बोटं माझ्या तोंडावर आली. स्पर्धेचे पहिले दोन दिवस खेळल्यावर निम्म्या पोरींना घरी पाठवतात. त्याला 'कट' म्हणतात. कट चुकला की त्या आठवड्याचं सगळं पाण्यात. मग सोमवारी परत येऊन मास्तरांच्या मैदानावर लोकांच्या पोरांना शिकवायचं, की पुढच्या आठवड्याची सोय झाली.

माझी बहीण दर वेळी विचारते, "नात काय करते?"

"गोल्फ खेळते."

"ते कळलं. पण करते काय?"

पिशवी मी ओढतो. पिशवी वाहणारा माणूस ठेवणं या टूरवरच्या पोरींना झेपत नाही, त्यामुळे कुणाचा भाऊ असतो, कुणाचा नवरा, आणि शिट्टीचा मी. दोन चाकांची गाडी आहे, ती ओढायची, काठी पुसायची आणि सल्ला द्यायचा नाही. शेवटचं मला जमत नाही.

आता गेल्या वर्षाचं सांगतो. गेल्या वर्षी सगळ्यांनी मिळून माझ्या नातीचा राग काढून घ्यायचं ठरवलं. टूरवाल्यांनी तिला दोनदा समज दिली होती, एकदा जमिनीवर काठी आपटल्याबद्दल आणि एकदा झाडाला लाथ मारल्याबद्दल. झाड चांगलं जुनं होतं, त्याला काय होतंय, पण समज दिली. मग कुणीतरी तिला एका मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, राग आला की डोळे मिटायचे आणि आपण ढग आहोत असं समजायचं. मनगटात एक रबर घालायला दिलं. राग आला की रबर ओढून सोडायचं.

पोरगी मोठी प्रामाणिक. वर्षभर ढग होऊन खेळली. चेंडू पाण्यात गेला, ढग. वाळूत गेला, ढग. सगळे म्हणायला लागले, किती सुधारली हो! तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बसगाड्यांना रंग मारतो, तोही म्हणाला, "बाबा, आता कशी माणसासारखी वागते." वागणं सुधारलं आणि खेळ बसला. एकामागून एक कट चुकले. नाकातली शिट्टी पण बंद. मला रात्रंदिवस वाटायचं, या लोकांनी माझी नात नेली आणि तिच्या जागी कुणीतरी सभ्य बाई आणून ठेवली.

अशी वर्षाची शेवटची स्पर्धा आली. या टूरचा नियम असा आहे, की वर्षाअखेरीला गुणांच्या यादीत जेवढ्या जागा असतील तेवढ्याच पोरींचं कार्ड राहतं. कार्ड म्हणजे पुढच्या वर्षी खेळायची परवानगी. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्यापासून चाचणी द्यायची. शिट्टीनं आधीच घरी सांगून टाकलं होतं, कार्ड गेलं तर ती चाचणी देणार नाही, बापाबरोबर रंगाच्या कारखान्यात जाणार. "आणि आबा, माझी समजूत काढायची नाही." मी काढली नाही.

शेवटच्या दिवशी ती बरोबर काठावर होती. चांगली खेळली तर कार्ड राहणार, एखादा फटका जास्त लागला तर जाणार. त्या दिवशी तिच्या जोडीला आली डूल.

तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण आम्ही डूलच म्हणायचो, कारण ती कानात मोत्याचे डूल घालून खेळायची. पोरगी वाईट नव्हती. पण हळू! काय सांगू किती हळू! फटका मारायच्या आधी काठी हवेत फिरवायची, मग परत फिरवायची, मग चेंडूमागे उभी राहायची, मग बाजूला, मग हातमोजा काढून परत घालायची. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीची, चेंडू घालायच्या खळीभोवतीची, जी बारीक कापलेली हिरवळ असते तिच्यावर, ती होलला प्रदक्षिणाच घालायची. तिचे वडील मागून चालत होते. स्पर्धेत वाटलेल्या छत्र्यांवर त्यांच्याच कंपनीचं नाव होतं, त्यामुळे त्यांना दोरीच्या आत फिरायची मुभा होती. आम्हाला छत्री मिळाली नाही.

शिट्टीचं उलट. ती आली, पाहिलं, मारला. पण पुढची पोर थांबली की मागचीला थांबावंच लागतं. निम्मा खेळ झाला तोवर आमच्या पुढचा गट दिसेनासा झाला. मग झाडांमागून पंच आले, छोट्या गाडीत बसून, हातात घड्याळ. म्हणाले, "तुमचा गट मागे पडलाय. आता दोघींनाही घड्याळ लावतोय. वेळ गेला की एक फटका दंड."

मी म्हटलं, "साहेब, आमची पोर हळू नाही."

"गट हळू आहे."

"गट म्हणजे दोघी. त्यातली एक झोपली तर दुसरीनं काय करायचं? अंगाईगीत म्हणायचं?"

"आबा," शिट्टी म्हणाली, "ढग." आणि रबर ओढून सोडलं.

आणि गंमत बघा. घड्याळ लागलं तशी डूल वाऱ्यासारखी खेळायला लागली. हातमोजा नाही, प्रदक्षिणा नाही. म्हणजे येत होतं की तिला! सकाळपासून येत होतं!

अठरा होलांपैकी चौदाव्यावर शिट्टी फटका मारायला उभी राहिली, काठी मागे नेली आणि डूलच्या वडिलांचा फोन वाजला. साधा नाही, बँडबाजा असावा तसा. शिट्टीनं काठी अर्ध्यातच थांबवली आणि मागे झाली. त्यांनी फोन बंद करायचा की नाही? त्यांनी घेतला! "हां, बोल, मी मैदानावर आहे." बोलणं संपेपर्यंत ती थांबली, परत उभी राहिली आणि मारला. फटका सुरेख गेला. पंच गाडीतून उतरले आणि म्हणाले, "वेळ गेला. एक फटका."

"साहेब, फोन वाजला!" मी म्हटलं.

"मी घड्याळ बघतो. फोन कुणाचा, कधी वाजला, ते माझं काम नाही."

"मग कान कशाला ठेवलेत? चष्मा अडकवायला?"

"आजोबा, अजून एक शब्द बोललात तर मैदानाबाहेर जावं लागेल. पिशवी दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"घ्या, तुम्हीच ओढा. तेवढंच हातून काहीतरी चांगलं घडेल."

"आबा, गप्प!"

मी गप्प झालो, कारण तेव्हाच मला ते ऐकू आलं. बारीक, लांबलचक. शिट्टी! वर्षभरानंतर! खरं सांगतो, इतकं संतापायचं कारण असताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

डूल बाजूलाच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. एक शब्द बोलली नाही. बुटांकडे बघत राहिली.

ग्रीनवर शिट्टीचा चेंडू होलच्या अगदी जवळ होता. रबर ओढलं, डोळे मिटले, ढग झाली आणि तो हातभर अंतराचा चेंडू चुकवला. दुसऱ्या फटक्यात आत घातला आणि पुढच्या होलकडे निघाली. वाटेत एक लोखंडी कचऱ्याचा डबा होता. तिनं मनगटातलं रबर काढून आधी त्यात टाकलं. मग हातातला पटर, ग्रीनवर चेंडू घरंगळत नेतात ती काठी, दोन्ही हातांनी उचलून त्या डब्यावर असा मारला की पटरचं डोकं तुटून झुडपात गेलं आणि डबा आडवा झाला.

डूलचे वडील दोन पावलं मागे सरले.

पंच म्हणाले, "मोडलेल्या काठीच्या बदल्यात आता दुसरी घेता येणार नाही."

"माहीत आहे," शिट्टी म्हणाली. "आबा, डबा उभा करा."

हे समजून घ्या. काठी खेळताना आपोआप मोडली तर गोष्ट वेगळी. पण रागानं स्वतः मोडली तर तो डाव संपेपर्यंत नवी मिळत नाही. पटर नाही, आणि अजून चार होल बाकी! पावसाळ्यात छत्री फेकून द्यावी तसं झालं. दुसरा कुणी आजोबा असता तर तिथेच डोक्याला हात लावून बसला असता. पण मी तिच्याकडे पाहत होतो. तिचे कान लाल झाले होते, नाक वाजत होतं, आणि ती पाय आपटत चालली होती. ही माझी नात होती.

पंधराव्याच्या ग्रीनवर तिनं पिशवीतून वेज काढली. ही वाळूतून चेंडू वर उडवायची आखूड काठी, पातं फावड्यासारखं तिरकं. तिनं पात्याची धार चेंडूच्या पोटावर धरली, एकदाच होलकडे पाहिलं आणि ढकलला. चेंडू सरपटत, उसळत, वाकडातिकडा गेला आणि आत पडला.

"असं पण चालतं?" डूल हळूच म्हणाली.

"पाहिलंस ना?" शिट्टी म्हणाली. दिवसभरातलं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पुढे काय खेळली म्हणून सांगू! ढग गेला, वीज आली. लांबचे फटके असे जायचे की मला गाडी ओढत पळावं लागायचं. सतराव्यावर वेजनं एक चेंडू चुकला, तेव्हा तिनं वेजला असं काही सुनावलं की मी इकडेतिकडे पाहिलं, कुणी लहान पोरं तर नाहीत ना. अठराव्यावर लांबून आत घातला. पंचांच्या तोंडाकडे बघायला मी मुद्दाम थांबलो. काही नाही, कोरी पाटी.

मग तंबूत जाऊन दोघींनी सह्या केल्या आणि कळलं, की कार्डाच्या शेवटच्या जागेवर दोघी बरोबरीत आहेत, शिट्टी आणि एक निळ्या टोपीची पोरगी. दोघींनी अठरावा होल पुन्हा खेळायचा. जिंकेल तिचं कार्ड. तो दंडाचा फटका नसता तर शिट्टी केव्हाच मोकळी झाली असती. मी तंबूबाहेर उभा राहून पंचांच्या सात पिढ्या आठवत होतो. पण त्यांनीच येऊन सांगितलं, "हा नवा डाव आहे. आता नवा पटर चालेल."

चालेल, पण आणायचा कुठून? तिथल्या दुकानवाल्यानं सामान टेम्पोत भरून दोऱ्या आवळल्या होत्या. बाकीच्या पोरी निघून गेल्या होत्या. आमचा जुना पटर घरी, पलंगाखाली.

तेवढ्यात डूल आली. हातात तिचा पटर, त्याला मऊ लोकरीचं टोपरं घातलेलं. "हा घे," म्हणाली. "वजन जरा जास्त आहे."

"नको."

"अगं, घे. माझं खेळून झालंय."

"नको म्हटलं ना? वेज आहे माझी."

डूलनं पटर मागे घेतला नाही. मग म्हणाली, "फोन पप्पांचा होता."

"मला काय माहीत नाही? धूनसुद्धा पाठ झालीय."

"मी आत सह्यांच्या टेबलावर पंचांना सांगितलं. ते म्हणाले, फोन कुणाचाही असो, वेळ गेला तो गेला."

"आत सांगितलंस. आणि तिथे? माझ्या शेजारी उभी होतीस तेव्हा? तेव्हा काय जीभ पिशवीत ठेवली होतीस?"

"घाबरले."

"कुणाला?"

डूलनं मागे पाहिलं. तिचे वडील गाडीच्या उघड्या दारापाशी उभे होते. "चल गं! किती वेळ?" त्यांनी हाक मारली. हे 'किती वेळ' ऐकून माझ्याच नाकातून शिट्टी निघाली असती.

"थांबा, पप्पा," डूल ओरडली. तिचा आवाज फुटला. बहुतेक असं कधी म्हटलं नसावं. मग शिट्टीकडे वळून म्हणाली, "मला माहीत आहे मी हळू खेळते. मागे ते उभे असतात, चुकलं की गाडीत घरापर्यंत ऐकवतात. म्हणून चुकू नये म्हणून... जाऊ दे. घेणार का?"

शिट्टीचं नाक वाजतच होतं. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. त्या पोरीच्या काठीला हात लावायचा म्हणजे सगळं माफ केल्यासारखं होणार, आणि माफ करायला ती काही तयार नव्हती. का म्हणून व्हावी?

मी म्हटलं, "शिट्टे, राग तिच्यावर ठेव. काठी घे."

"आबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"कार्डाच्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं, डूलकडे पाहिलं आणि पटर हिसकावूनच घेतला. "माफ केलेलं नाही," म्हणाली.

"बरं," डूल म्हणाली.

निळ्या टोपीची पोरगी शांत, नेटकी खेळली. शिट्टी तिच्या पद्धतीनं, धाडधाड. दोघींचेही चेंडू तेवढ्याच फटक्यांत ग्रीनवर आले. निळ्या टोपीनं आधी पटर मारला, चेंडू होलच्या कडेला चाटून गेला. तिनं तो मग आत टाकला आणि तोंड फिरवून उभी राहिली. आता शिट्टीनं एका फटक्यात घातला तर कार्ड तिचं. अंतर चांगलं लांब होतं, आणि उतार. मी तोंडावर हात धरला, सल्ला बाहेर पडू नये म्हणून. तिनं तो परका जड पटर एकदा हातात तोलला, होलकडे पाहिलं आणि मारला. चेंडू उतारावरून वळला आणि टपकन आत पडला.

मी नाचलो असतो. पण निळ्या टोपीच्या पोरीनं टोपी काढली, हात पुढे केला आणि म्हणाली, "छान खेळलीस," आणि तिचे डोळे भरून आले. दोघी वर्षभर त्याच स्वस्त खोल्यांत राहिल्या, तसेच हातमोजे वाळवले, आणि एका जागेसाठी एकीला घरी जावं लागलं. या टूरचा मला सगळ्यांत जास्त राग येतो तो इथे. शिट्टीनं तिला मिठी मारली.

मग पंच आले. हसत, हात पुढे करून. "अभिनंदन! शेवटी शांत डोक्यानं खेळलात."

शांत डोक्यानं! मी शिट्टीकडे पाहिलं. तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "एक मिनिट हं, साहेब."

आधी ती जाऊन होलमधला चेंडू घेऊन आली. तो पुसला. खिशात ठेवला. मग डूलचा पटर घेतला, त्याचं डोकं रुमालानं पुढून पुसलं, मग मागून, उन्हात धरून पाहिलं, एक डाग राहिला होता तो परत पुसला. लोकरीचं टोपरं चढवलं, त्याची शिवण सरळ केली. चालत चालत डूलपर्यंत गेली आणि पटर तिच्या हातात दिला.

"काठी चांगली आहे," म्हणाली. "आता जरा भरभर खेळत जा. आणि पप्पांना घरी ठेव."

डूल रडता रडता हसली.

पंच अजून तसेच उभे होते, हात पुढे केलेला. शिट्टी खाली वाकून बुटाची नाडी सोडून परत बांधायला बसली. मी गाडीला टेकून आरामात उभा राहिलो. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.